पोस्ट काढा, पण कारण सांगा

पोस्ट उडाली की आपण लगेच 'अभिव्यक्तीची गळचेपी' म्हणून ओरडतो. राग बरोबर आहे, पण कायद्यात गोष्ट इतकी सरळ नाही. मानवी हक्कांचा कायदा मुळात सरकारला वेसण घालायला आला. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दलचं कलम १९ बांधतं ते राज्याला. फेसबुक किंवा यूट्यूब चालवणारी खासगी कंपनी त्यात थेट येत नाही. तिच्या दारात आपण नागरिक नसतो, न वाचता 'मान्य आहे' दाबलेले ग्राहक असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये कंपन्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली, पण ती बंधनकारक नाहीत.

मग कडक कायदा करा? जर्मनीने २०१७ मध्ये केला, २०२४ मध्ये तो बहुतांशी रद्द झाला. उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत काढायचा, तक्रारी हाताळण्याच्या यंत्रणेत हयगय दिसली तर ५ कोटी युरोपर्यंत दंड, असा तो होता. योग्य मजकूर उगाच काढला, तर मूळ कायद्यात दंड नव्हता. अशा वेळी कंपनी काय करणार? शंका आली की उडवणार!

'काहीच काढू नका' म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवरून विष पसरवलं गेलं. ते रोखायला आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीनेच २०१८ मध्ये कबूल केलं. आणि एखाद्या बाईचा खासगी फोटो तिच्या संमतीशिवाय फिरत असेल, तर सुनावणी-बिनावणी नंतर. आधी फोटो खाली.

म्हणून काय काढायचं यापेक्षा कसं काढायचं, यावर कायद्याने बोट ठेवावं असं मला वाटतं. युरोपियन युनियनचा २०२२ चा डिजिटल सेवा कायदा मला त्यासाठीच आवडतो. पोस्ट काढली तर कारण द्या, कोणता नियम मोडला ते सांगा, निर्णयात यंत्राचा वापर झाला का तेही सांगा. गुपचूप पोहोच कमी केली तरी हेच लागू. कंपनीकडे दाद मागता येते, तिथला निकाल नुसत्या यंत्रावर सोडता येत नाही, आणि तेवढ्यावर समाधान झालं नाही तर बाहेरच्या तंटा-निवारण संस्थेकडे जाता येतं. कायदा मोडला तर जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. 'समुदाय नियमांचा भंग' एवढंच छापील उत्तर हातात पडलं, तर माणसाने अपील नेमकं कशाविरुद्ध करायचं?

सरकारच्या आदेशाने पोस्ट गेली असेल, तर प्रकरण आणखी गंभीर. तिथे कंपनी नुसता हात, डोकं सरकारचं. भारतात आयटी कायद्याचं कलम ६९अ सरकारला ऑनलाइन मजकूर बंद करायला लावण्याचा अधिकार देतं. त्याखालच्या २००९ च्या नियमांत मजकूर बंद करण्याची मागणी, त्याबद्दलची तक्रार आणि कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या एखाद्या प्रकरणात ते समजू शकतं. पण साध्या टीकेची पोस्ट गेली, तर लिहिणाऱ्याला आदेशाची प्रत मिळायलाच हवी. आदेशच दिसला नाही, तर तो कोर्टात जाणार काय घेऊन?