‘डोक्यात मशीन बसवा, कंपवात घालवा’ : हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

विदर्भात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज फिरतो : ‘हातपाय थरथरतात? डोक्यात मशीन बसवा. कंपवात मुळापासून बरा, गोळ्या कायमच्या बंद, धोका शून्य, एकदा बसवलं की आयुष्यभर पाहायचं काम नाही.’ कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार, आणि यातली शस्त्रक्रिया खरी आहे. तिचं नाव डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे बेनाबिद आणि पोलाक या डॉक्टरांनी १९८७ साली तिची आजची पद्धत सुरू केली, आणि योग्य रुग्णाला तिचा मोठा आधार होतो. पण खर्च अनेक लाखांचा. मेसेज वाचून कुणी वावर विकायला काढत असेल, तर त्याने आधी हे वाचावं.

‘हातपाय थरथरतात?’ सगळ्यात मोठी चूक मला इथेच दिसते. प्रत्येक थरथर कंपवाताची नसते. कंपवातात हात बहुधा मांडीवर निवांत असताना हलतो, सोबत अंग ताठरतं, हालचाल मंदावते. चहाचा कप उचलताना हात हलत असेल तर तो इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे थरथरीचा वेगळाच आजार, असू शकतो. त्याची औषधं वेगळी. थायरॉइड वाढल्यानेही हात थरथरतात. आणि एक कारण तर घरातल्या औषधांच्या डब्यातच असतं : चक्करेसाठीचं सिनारिझिन, मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारांवरची काही औषधं. ही महिनोन्‌महिने चालली की म्हाताऱ्या माणसाला हुबेहूब कंपवातासारखा त्रास होऊ शकतो. डॉक्टरांनी औषध बदललं की बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत ओसरतो. तिथे मशीनचं कामच नाही. म्हणून आर्णीहून निघा की सिरोंच्याहून, न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे, जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं जुन्या चिठ्ठ्यांसकट पिशवीत घालून न्या.

‘मुळापासून बरा.’ नाही. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन हे हालचालीसाठी लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मेंदूत खोलवर बसवलेली बारीक तार त्या पेशी वाचवत नाही. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत ठेवलेल्या बॅटरीतून सेकंदाला साधारण १३० सूक्ष्म विद्युतस्पंद जातात आणि बिघडलेली लय आवरली जाते. आत आजार चालूच राहतो. लेव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य औषधाच्या गोळीने जे सुधारतं, साधारण तेच या मशीननेही सुधारतं. कंप तेवढा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी कमी होऊ शकतो. गोळीचा असर असतानाही तोल जात असेल, विसरभोळेपणा वाढला असेल, तर त्यासाठी ही शस्त्रक्रिया नाही. म्हणूनच डॉक्टर आधी स्वतःच्या देखरेखीत रात्रीपासून गोळी थांबवून, सकाळी तपासून, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. ही चाचणी न करता कुणी तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

‘गोळ्या कायमच्या बंद.’ बऱ्याच जणांचा डोस कमी होतो, पण अगदी थोड्यांच्याच गोळ्या पूर्ण सुटतात. मेसेजवर विसंबून गोळी अचानक बंद केली तर तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. उलट, आधी गोळीची वेळ नीट करा : डाळ-दुधाच्या जेवणाबरोबर घेतली तर तिचा असर घटतो. जेवणाआधी घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

‘धोका शून्य.’ शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होतो, काहींना जंतुसंसर्ग. अनुभवी डॉक्टर हे आधीच सांगतात.

‘पाहायचं काम नाही.’ काम तर नंतर सुरू होतं. विद्युतप्रवाह किती ठेवायचा हे जुळवायला पहिले काही महिने पुन्हा पुन्हा शहरात जावं लागतं. ते भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, हे हिशोबात धरा. साधी बॅटरी बहुधा तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, त्याचाही खर्च मोठा. चार्ज होणारी जास्त टिकते, पण लोडशेडिंगच्या गावात तिचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. आणि गुडघा-कंबर दुखते म्हणून तालुक्याला कुणी डायथर्मी मशीनचा शेक द्यायला लागलं, तर आधी सांगा की डोक्यात तार आहे : त्या शेकाने तारेचं टोक तापून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.