सोलापुरात चहाच्या आधी हिंदीचा विषय

ह्या वेळी सोलापुरात ज्या मैत्रिणीच्या घरी गेले तिथे चहाचं आधण ठेवायच्या आत हिंदीचा विषय निघाला. २०२५चा जुलै महिना, निघणारच होता म्हणा. एप्रिलमध्ये सरकारनं जीआर काढला की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची, मग जूनमध्ये शब्द थोडे सैल करून दुसरा जीआर, मग एवढा गदारोळ झाला की २९ जूनला दोन्ही रद्द आणि तिसऱ्या भाषेचं काय करायचं ते ठरवायला नरेंद्र जाधवांची समिती, आणि ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे, उद्धव आणि राज, एका स्टेजवर. मी उतरले तेव्हा गाव सगळं ह्याच्यातच होतं, रिक्षावाल्यापासून.

मी कार्डिफला राहते, वेल्समध्ये. तिथे भाषेचं भांडण आपल्यापेक्षा जुनं आहे, त्यामुळे प्रत्येक घरात मी कान देऊन ऐकत होते आणि बोलतही होते, गप्प बसायचा स्वभाव नाही. माझं मत सरळच सांगते. पहिलीच्या लेकरावर तिसरी भाषा टाकणं चूक होतं, जीआर मागे घेतला ते बरं झालं. पण मराठीचं जे नुकसान चाललंय ते हिंदीमुळे कमी आणि दर जूनमध्ये आपण कुठल्या शाळेच्या दारात रांग लावतो त्यामुळे जास्त चाललंय, आणि हे मला सोलापुरात बसून जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कार्डिफला बातम्या वाचून दिसलं नव्हतं.

पूर्व भागातल्या मैत्रिणीकडे आधी गेले. पद्मशाली घर, आजोबा तेलंगणातून आलेले, हातमागावर चादरी विणायचे, वडील पॉवरलूमवर. लहानपणी तिच्याकडे अभ्यासाला गेलं की मागांची खटखट एवढी असायची की पाढे ओरडून म्हणावे लागायचे, आता गल्लीतले बरेच माग बंद आहेत. तिची आई मात्र अजून विड्या वळते. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात मऊ केलेली पानं, माप ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचा वेढा. नजर टीव्हीवरच्या तेलुगू सिरियलवर आणि हात आपले चालू, एकदाही खाली बघितलं नाही. माझ्याशी मराठीत बोलत होत्या, नातीशी तेलुगूत, आणि कारखान्यातून फोन आला, पान खराब आलं म्हणून, तर त्याच्याशी अशा अस्सल मराठीत भांडल्या की मी बघतच राहिले. ह्या बाईंनी शाळेचं तोंड बघितलेलं नाही.

नात सातवीत, इंग्रजी माध्यमात. हुशार आहे, शंकाच नाही. आजी तेलुगूत विचारते, ही मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिक्समध्ये उत्तर देते. आजीनं विड्यांचं पासबुक पुढे केलं, मागच्या आठवड्याची नोंद बघ म्हणून, तर आकडे झटकन वाचले आणि शेजारची मराठीतली ओळ वाचताना अक्षराला अक्षर जोडत बसली. तेलुगू लिपी तर येतच नाही, भिंतीवरच्या मार्कंडेयाच्या फोटोखालची ओळ तिच्या आईलाच वाचता येते. म्हणजे चार भाषा कानावर पडणाऱ्या घरातली पोरगी, आणि सुखानं वाचू शकते अशी एकच, तीसुद्धा घरात कुणीच न बोलणारी.

मैत्रीण म्हणाली, "आमच्यावर मराठीची सक्ती कुणी केली गं? चौथीपर्यंत तेलुगू शाळा, मग सेवासदनला तुझ्या बाकावर आले. पुढचं शिक्षण मराठीत, रेशन ऑफिस मराठीत, नोकरी मराठीत, न शिकून सांगते कुणाला?" मला वाटतं सोलापुरात मराठी वाढली ती अशी. गिरण्या, माग, बाजार, सरकारी कागद, ह्या सगळ्यातून पोटाला लागली म्हणून तेलुगू-कन्नड-उर्दूवाल्यांनी शिकली आणि शिकताना स्वतःची सोडली नाही. आज पोटाला इंग्रजी लागते असं सगळ्यांना वाटतंय, तर सगळे तिकडे निघालेत, मराठीवालेसुद्धा, नव्हे मराठीवालेच पुढे.

बाळीवेशीतल्या मैत्रिणीकडे हुग्गी केली होती माझ्यासाठी, गव्हाची, वरून तुपाची धार. घरात कन्नड. सासरे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीला वर्षानुवर्षं जातात आणि 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र' म्हणताना त्यांना कुणी विचारत नाही की तुमची मातृभाषा कोणती. तिच्या नवऱ्यानं मला मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, मुंबईकडचा, मराठी बोलला नाही म्हणून दुकानदाराला कानफटात. त्याला ते बरोबर वाटत होतं. मी म्हटलं भावजी, तुमच्या वडिलांनी मराठी मार खाऊन शिकली का? ते गप्प बसले, पण पटलं असं नाही वाटलं. मला हे व्हिडिओ बघवत नाहीत. ज्या गावानं १९३०चा मार्शल लॉ सोसला आणि १२ जानेवारी १९३१ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे इंग्रजांच्या फासावर गमावले, ती नावं नुसती एका ओळीत वाचली तरी कळतं सोलापूर काय चीज आहे, त्या गावातल्या माणसानं असल्या मारहाणीला लाईक करावं हे मला लागलं.

बेगम पेठेतल्या उर्दूवाल्या मैत्रिणीकडे थोडाच वेळ गेले, तिच्या घरी लग्नाची गडबड. तिचं एक वाक्य मात्र डोक्यात राहिलंय, "हिंदी आमची तरी कुठाय, आम्ही बोलतो ती इथली, सासूबाईंना टीव्हीवरच्या बातम्या निम्म्या कळत नाहीत."

खरा वाद झाला तो जुळे सोलापुरात. ही माझी सगळ्यात जवळची, घरात पिढ्यान्पिढ्या मराठी, नवरा-बायको दोघं मराठीसाठी हिरिरीनं बोलणारे, दोन्ही मुलं सीबीएसईला. मोठा दहावीला, धाकटा पुढच्या जूनमध्ये पहिलीत. मी शाळेबद्दल विचारलं तर ती भडकली, आणि तिला भडकायचा हक्क आहे. म्हणाली, "तू तिकडं बसून काय बी बोल. इथं पोरगं बारावी झालं की पुण्याला जाणार, हुतात्मा एक्सप्रेसनं शनिवार-रविवारला येणार, आणि तिथं ह्यांचे इंटरव्ह्यू मराठीत घेत नाहीत." आणि वर हेही, "तुझ्या पोरीला तीन भाषा चालतात आणि आमच्या पोरांना झेपत नाहीत, असं का?"

दुसरा प्रश्न चांगला आहे म्हणून नीट उत्तर देते. आमची मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते, घरी आम्ही मराठी बोलतो, इंग्रजी रस्त्यावर. तीन झाल्या. पण शाळेनं सुरुवातीला एकच भाषा धरली, वेल्श, आणि तिच्यातच सगळं शिकवलं, गाणी, बेरीज-वजाबाकी, भांडणंसुद्धा. इंग्रजी शाळेत रीतसर सुरू होते ती साधारण सातव्या वर्षी. आपल्याकडे मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहेच, २००० सालापासून, त्याच्यावर तिसरं पुस्तक, तिसरी वही आणि शिकवायला तेच गुरुजी. वर सोलापूरच्या पोराला हिंदी शिकवायला जीआर कशाला लागतो, ते क्रिकेटची कॉमेंटरी ऐकून आणि शेजारच्या गल्लीत खेळून शिकतंच की.

आता वेल्सचं. तिकडचं सगळं छान आणि इकडचं वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. १९११च्या जनगणनेत वेल्समधली ४३ टक्क्यांच्या वर माणसं वेल्श बोलायची. त्याच्या आधीच्या शतकात कितीतरी शाळांत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे, आणि दिवस संपताना ती ज्याच्या गळ्यात त्याला छडी. पण नुसत्या छडीनं भाषा गेली नाही, नंतर आईबापांनीच ठरवलं की पोराचं भलं इंग्रजीत आहे. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांचे आईवडील एकमेकांशी वेल्श बोलायचे आणि पोरं आली की इंग्रजी, मुद्दाम, प्रेमापोटी. आता त्यांची नात वेल्श शाळेत शिकते आणि सत्तरी ओलांडलेल्या ह्या बाई संध्याकाळच्या क्लासला जाऊन आपल्याच आईची भाषा शिकतायत. हे ऐकताना मला दरवेळी विड्या वळणाऱ्या त्या काकू आठवतात.

सरकारनं तिथे पुढे बरंच केलं. रस्त्यावरची प्रत्येक पाटी दोन भाषांत, १९८२पासून वेल्श टीव्ही चॅनेल, सगळ्या शाळांत सोळाव्या वर्षापर्यंत वेल्श सक्तीची, २०५०पर्यंत १० लाख वेल्श बोलणारे करायचं ठरवलंय. सक्ती म्हटली की वाईटच असं मी म्हणणार नाही, आपल्या घरात लहान होत चाललेल्या भाषेला थोडा टेकू लागतो, म्हणून आपला २०२०चा सगळ्या शाळांत मराठी सक्तीचा कायदा मला बरोबरच वाटतो. तरी २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्के निघाले, दहा वर्षांपूर्वी १९ होते. माझ्या ऑफिसात इंग्रजी माध्यमात शिकलेली वेल्श पोरं आहेत, अकरा-अकरा वर्षं तास झालेत, गुड मॉर्निंगच्या पुढे जात नाहीत. बोलतात ती घरी बोलणारी नाहीतर वेल्श माध्यमात गेलेली. कार्डिफच्या वेल्श शाळांत तर घरी वेल्श नसलेलीच पोरं जास्त, आईबाप आपणहून घालतात, कारण शाळा चांगली आहे आणि पुढे सरकारी नोकऱ्यांत त्या भाषेची किंमत होते.

म्हणून मला वाटतं की नुसता विषय ठेवून भागणार नाही. जुळे सोलापुरातल्या मैत्रिणीच्या मोठ्याला शाळेत मराठी आहे, कायद्याप्रमाणे, आणि गॅदरिंगची प्रॅक्टिस आली की पहिला बळी त्याच तासाचा. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ह्याच मित्रमंडळींच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते, मलाही भरून आलं होतं. पण मार्च २०२४चा तो संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरवायचा जीआर, ज्यानं कमी पटाच्या शाळांतले शिक्षक कमी व्हायची पाळी आली, तो कुणाच्या स्टेटसला मी बघितला नाही. गावोगावच्या मराठी शाळांना हिंदीच्या पुस्तकापेक्षा ह्या कागदाचा धोका कितीतरी मोठा आहे.

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं, एका दमात, आणि म्हटलं धाकट्याला सेमीला घाल. आपण दोघी सेमीच्याच, गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, काय बिघडलं आपलं? मी हॉस्पिटलात इंग्रजी बोलूनच पोट भरतेय. तिनं थंडपणे विचारलं, "आपल्या वेळच्या बाईंसारख्या बाई दाखव मला. आहेत त्या अर्धं वर्ष मतदारयाद्या नाहीतर सर्व्हे करत फिरतात. वर्गात बाई दिसल्या की घालते, आईशप्पथ."

तिचं बरोबर आहे. मी कार्डिफला शाळा निवडली ती भाषाप्रेमातून कमी आणि शाळा बघून जास्त, तेव्हा तिनं वेगळं का करावं? ज्यांना मराठीसाठी रस्त्यावर उतरायचंय त्यांनी सोलापुरात तरी महापालिकेच्या शाळांपासून सुरुवात करावी, प्रत्येक वर्गाला शिक्षक, शिक्षकाला शिकवायचं सोडून दुसरं काम नाही, चांगलं सेमी, आणि तेलुगू-कन्नड-उर्दू माध्यमाच्या ज्या शाळा आहेत त्यांत मराठी शिकवायला खरोखर मराठी येणारा माणूस. दुकानदाराच्या कानफटात मारणं ह्याच्यापेक्षा फार सोपं आहे, हे मला माहिती आहे.

मी निघायच्या आधी आम्ही दोघींनी मिळून एक काम केलं, तिच्या घरापासून स्कूटीवर जाता येतील अशा सेमीच्या शाळांची यादी. जानेवारीत गड्डा संपला की ती एकेका शाळेत चालू वर्गाच्या वेळी जाऊन बसणार आहे, आधी न कळवता, आणि बाई वर्गात आहेत की नाहीत ते मला फोनवर सांगणार आहे.