जांभळ्या झाकणाचा बल्ब प्लेटलेट खात नाही

पावसाळा सरत आला की सोलापुरात डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि त्यांच्या मागोमाग तो मेसेज फिरायला लागतो. जुळे सोलापूर असो की नई जिंदगी, मजकूर तोच: ‘लॅबवाले जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये रक्त घेतात. त्यातलं केमिकल प्लेटलेट खातं. आकडा कमी दाखवून ॲडमिट करतात. निळ्या झाकणाचा बल्ब मागा, खरा आकडा कळेल. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत, हाच पुरावा.’ मी लॅबमध्येच काम करतो. काउंटरवर रोज कुणीतरी मोबाइल पुढे करतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी ते ‘केमिकल’. ते ईडीटीए. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ईडीटीए ते धरून ठेवतं, म्हणून रक्त पातळ राहतं आणि मशीनला पेशी सुट्या सुट्या मोजता येतात. साध्या लाल बल्बात घेतलं तर रक्ताची गाठ होते आणि प्लेटलेट त्या गाठीत अडकतात, मोजणार काय? हा बल्ब आपल्याकडच्या लॅबवाल्यांनी शोधून काढलेला नाही. रक्ततपासणीचं प्रमाणीकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने १९९३ साली पेशी मोजण्यासाठी ईडीटीएचीच शिफारस केली.

आता मेसेजमधला खरा धागा, कारण त्याच्याच जोरावर तो चालतो. साधारण हजारात एखाद्याच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की ईडीटीएने कॅल्शियम ओढून घेतल्यावर प्लेटलेटचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो, अँटिबॉडी तिथे चिकटते आणि प्लेटलेट एकमेकींना धरून पुंजके करतात. मशीन मोजतं आकारावरून. पुंजका त्याला प्लेटलेट वाटतच नाही. कधी तर ते त्याला पांढरी पेशी समजतं. मग ठणठणीत माणसाच्या रिपोर्टवर प्लेटलेट ३०,००० आणि पांढऱ्या पेशी उगाच जास्त! रक्त बल्बात जितका वेळ पडून राहील तितका हा प्रकार वाढतो. पण घडतं ते सगळं बल्बात, पेशंटच्या अंगात काही नाही.

हे पकडायचं कसं? काचपट्टीवर रक्ताचा थेंब पातळ ओढायचा (हाच स्मिअर), त्याला लीशमन स्टेन हा रंग द्यायचा आणि स्मिअरच्या शेपटीकडचं टोक मायक्रोस्कोपखाली बघायचं. पुंजके असले तर तिथेच सापडतात: बारीक जांभळट कणांचे ढीग, काही तर पांढऱ्या पेशीपेक्षा मोठे. तिथे काही नसेल आणि बल्बातही गाठ नसेल, तर कमी आकडा बहुधा खराच कमी आहे. डेंग्यूच्या तापात बहुतेक वेळा तसंच असतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळलंय.

निळ्या बल्बाची तर गंमतच आहे. त्यात सोडियम सायट्रेटचं द्रावण असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. म्हणजे २.७ मिलि रक्तात ०.३ मिलि द्राव. ताकात पाणी ओतून मीठ कमी पडलं म्हणावं, तसं. खऱ्या प्लेटलेट ५०,००० असतील तर मशीन ४५,००० दाखवणार, हिमोग्लोबिन ११ असेल तर ९.९. म्हणून सायट्रेटमधला प्लेटलेटचा आकडा १.१ ने गुणावा लागतो. मेसेज ऐकून निळा बल्ब मागणाऱ्याच्या पदरात उलट कमीच आकडा पडेल. शिवाय काही जणांच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही पुंजके करतात. हा बल्ब असतो पीटी, एपीटीटीसाठी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या तपासण्यांसाठी.

मेसेजच्या एका आवृत्तीत हिरवा बल्बही आहे. त्यात हेपॅरिन, तेही रक्त गोठू न देणारं. प्लेटलेट चिकटतात, स्मिअरवर निळी झाक येते. सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, चालत नाही, विषय संपला.

दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत, हे मात्र खरं आहे. डेंग्यूत सकाळचा आणि संध्याकाळचा आकडाच वेगळा असतो, तो भाग सोडा. बाकीचा बराचसा घोळ रक्त घेतानाच होतो. लहान मुलाची शीर सापडत नाही, रक्त थेंबथेंब येतं, बल्ब आठ-दहा वेळा हलकेच उलटासुलटा करायचा राहून जातो. नंतर बल्बात लाकडी काडी फिरवली की टोकाला केसासारखा गोठलेला धागा लागून येतो. मशीन त्या बल्बाचाही आकडा बिनदिक्कत छापतं. तो रिपोर्ट द्यायचा नसतो, रक्त पुन्हा घ्यायचं असतं. सगळीकडे तसं होतंच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. खुणेपर्यंत न भरलेल्या बल्बात ईडीटीए जास्त होतं, त्याने लाल पेशी आकसतात. मोहोळ-अक्कलकोटहून दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत आलेल्या सॅम्पलमध्ये पेशी फुगलेल्या असतात.

राहिला ॲडमिट करण्याचा आरोप. नुसत्या प्लेटलेटवर ते ठरवायचंच नसतं. पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव, उतरलेलं बीपी आणि चढत जाणारा पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) बघावा लागतो, आणि तो पीसीव्ही त्याच जांभळ्या बल्बातून मिळतो.

तेव्हा काउंटरवर झाकणाचा रंग विचारण्यापेक्षा ‘स्मिअर बघितला का?’ हे विचारा. पुंजके दिसले असतील तर रिपोर्टवर तशी नोंद हवी, आणि ईडीटीए व सायट्रेट अशा दोन्ही बल्बांत नव्याने रक्त घेऊन ते लगेच मशीनवर लावायला हवं.