पट्ट्यांबद्दल तुमचं बरोबर, वेल्डिंगबद्दल नाही

नमस्कार दादा,

जिम्नीत (मारुतीची छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी) झोपण्यासाठी आणि सामानासाठी मी बनवलेल्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही लिहिलंत: ‘पट्ट्यांनी बांधलेली सुटी फळी म्हणजे टक्कर झाली की मानेवर येणारं दार. सीट काढून टाका, फ्रेम तळाला वेल्ड करा, खाली ड्रॉवर बसवा. नाहीतर हा नाद सोडा.’ वाचून आधी राग आला. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि निम्मा राग तिथेच गेला.

हिशोब असा. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी भिंतीसारख्या कशावर आदळली आणि नाक चेपत ७० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर येतो. माझ्या प्लॅटफॉर्मचं वजन २३ किलो. त्याला बांधलेलं पाणी, शेगडी, हत्यारं मिळून ४५. म्हणजे ६८ किलो, आणि धडकेच्या क्षणी साडेनऊशे किलोंच्या आसपास ओढ. मी घेतलेले रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) एवढी ओढ सहज सोसतील. पण पट्टे मी डिकीतल्या सामान अडकवायच्या हुकांना लावले होते, आणि ते हुक पिशव्यांसाठी असतात. मी पट्ट्याचा हिशोब केला, हुकाचा केलाच नाही. शिवाय दोन पट्टे जवळजवळ उभे खाली ओढलेले होते. असा पट्टा फळी उचलू देत नाही, पण पुढे सरकताना तिला फारसं अडवत नाही. इथे चूक माझी आहे आणि ती तुम्ही दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

आता बदल काय केला ते सांगतो. मागच्या सीटचे जे मूळ बोल्ट तळात जातात, त्यांच्याखाली ५ मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटचे ब्रॅकेट बसवून घेतले. प्लेटच्या जाडीइतका बोल्ट आट्यांत कमी शिरतो, म्हणून त्याच आट्याचे आणि त्याच ग्रेडचे, ५ मिमी लांब बोल्ट घेतले. हे विसरू नका. ब्रॅकेट गाडीतच राहतात, सीट उघडल्यावर ते पायांत येत नाहीत. प्लॅटफॉर्मचे पुढचे पाय त्यांत बसतात आणि प्रत्येक पायात ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीचा) १० मिमीचा एक बोल्ट आडवा जातो. मागचे दोन पट्टे ठेवलेत, पण आता ते तिरके, मागच्या बाजूला ओढ घेणारे आहेत. पाण्याचे कॅन फळीला न बांधता खाली तळाशी वेगळे बांधतो, म्हणजे फळीवरचा भार तेवढा कमी.

पण सीट काढून तळाला वेल्ड करा, हे मला पटत नाही.

जिम्नीची चासी शिडीसारखी वेगळी आहे आणि बॉडी तिच्यावर रबरी माउंटवर बसते. डिकीच्या तळाला वेल्ड करणं म्हणजे चासीला वेल्ड करणं नव्हे. तो तळ पातळ पत्र्याचा. वेल्डच्या उष्णतेने त्याचा गंजरोधक थर जळतो, आणि आमची गाडी दर पावसाळ्यात कोकणात असते. खारी हवा आणि उघडा पत्रा हे समीकरण मी एका जुन्या गाडीत भोगलंय. त्यात खडकाळ वाटेवर एक चाक वर गेलं की गाडी पिळली जाते. चारी कोपरे पक्के जखडलेली फ्रेम त्या पिळाला विरोध करते आणि जोडाजवळ पत्रा चिरतो. म्हणून माझ्या मागच्या पायांखाली मुद्दाम रबर आहे.

सीट काढण्याचा प्रश्न कायद्याचाही आहे. आरसीवर आसनसंख्या नोंदलेली असते. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. सीट जागेवर ठेवून वर बसवलेल्या फळीने आरसीतलं काहीच बदलत नाही.

आणि मागच्या सीट मला हव्यात. सोमवार ते शुक्रवार त्यांवर मुलगी शाळेला जाते, महिन्यातून दोनदा आई दवाखान्यात. म्हणूनच प्लॅटफॉर्म उभा चिरून दोन भाग केले. पाच दारांच्या जिम्नीची मागची सीट निम्मी-निम्मी दुमडते, तेव्हा एक भाग घातला तरी दुसऱ्या बाजूला तिसरं माणूस बसू शकतं. प्रत्येक भाग साडेअकरा किलोंचा, बायको एकटी उचलते. प्लाय १२ मिमीचा, मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. खाली एक इंची चौकोनी पाइप. दुमडलेल्या सीटच्या पाठीवर भार मुळीच नाही. फोम दबतो आणि रात्रभर फळी डुलते. पुढचे पाय पायाच्या जागेत, तळाला बसवलेल्या त्या ब्रॅकेटमध्येच टेकतात.

ड्रॉवरचं म्हणाल तर १८ मिमीच्या प्लायचे दोन ड्रॉवर आणि जड सरकत्या पट्ट्या मिळून ५०-६० किलो सहज होतात. जिम्नीचं कमाल भारित वजन १५४५ किलो, रिकाम्या गाडीचं बाराशेच्या आसपास. आम्ही दोघं १३५. उरलेल्या दोनशेत पाणी, शिधा, हत्यारं, कपडे आणि प्लॅटफॉर्म बसवायचा. त्यातला पाव हिस्सा नुसत्या लाकडाला द्यायला मी तयार नाही. प्लास्टिकचे क्रेट सरकवून काम भागतं. मोठी गाडी असेल तर ड्रॉवर जरूर बसवा, तिथे माझा विरोध नाही.

मूळ लेखातला पट्ट्यांचा परिच्छेद मी आज काढला आणि तिथे ब्रॅकेटची मापं टाकली. तो जुना लेख वाचून कुणी डिकीच्या हुकांना पट्टे लावले असतील, तर कृपा करून ब्रॅकेट बसेपर्यंत प्लॅटफॉर्म गाडीतून उतरवून ठेवा. दोन रात्री तंबूत झोपावं लागलं तरी चालेल.