विमानप्रवासातील स्तनपान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

विमानतळांवर आणि विमानात स्तनदा मातांसाठी काही सोयी नियमानेच असाव्यात, या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : लहान मूल घेऊन प्रवासाला निघणे हा आईवडिलांचा स्वतःचा निर्णय असतो, मग त्याचा भार कंपनीने आणि सहप्रवाशांनी का उचलावा, नीट नियोजन करून दूध आधीच बाटलीत काढून घेतले, तर प्रश्न बहुतांशी सुटतो, सुरक्षा तपासणीत एकासाठी अपवाद केला की नियमाला अर्थ उरत नाही, आणि आधीच ताणाखाली काम करणाऱ्या केबिन कर्मचाऱ्यांवर आणखी एक अपेक्षा लादली जाते. शेवटी आपण शेजारी बसलेल्या प्रवाशाच्या संकोचाचा प्रश्नही विचारला आहे. हे आक्षेप अनेकांच्या मनात असतात आणि आपण ते सभ्य शब्दांत मांडले आहेत, म्हणून सविस्तर उत्तर लिहीत आहे.

नियोजनाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण आपल्या प्रतिक्रियेतील बाकीचे बरेचसे त्यावरच उभे आहे. पहिल्या काही महिन्यांत बाळ २४ तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पिते आणि आईचे शरीर त्याच गतीने दूध तयार करत राहते. बाळाला आधी काढून ठेवलेले दूध बाटलीने पाजले, तर बाळाची भूक भागते. परंतु त्या वेळचे दूध आईच्या स्तनांत साठायचे थांबत नाही. काही तास ते बाहेर पडले नाही की स्तन तटतटून दुखू लागतात, कपडे भिजतात, दुधाच्या गाठी होतात, आणि त्यातून स्तनदाह झाला तर लाली, तीव्र वेदना आणि ताप येतो. दूध वारंवार साचून राहिले तर ते कमी तयार करण्याचा संकेत शरीराला मिळतो, म्हणजे प्रवास संपल्यानंतरही त्याचा परिणाम उरू शकतो. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे ठरावीक वेळाने बाळाला अंगावर पाजणे किंवा पंपाने वा हाताने दूध काढणे. बाटली कितीही काळजीपूर्वक भरून घेतली, तरी ही गरज शिल्लक राहते. काही बाळे बाटली तोंडात घेतच नाहीत, ही अडचण त्याहून वेगळी.

आता हे वेळापत्रक विमानप्रवासाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. तिकिटावर तीन तासांचे उड्डाण लिहिलेले असते, पण तपासणीच्या रांगेत उभे राहण्यापासून सामान हाती येऊन बाहेर पडेपर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक वेळ सहज जातो. या काळात कोणत्या क्षणी उठता येईल, पाणी केव्हा मिळेल, प्रसाधनगृहापर्यंत जाता येईल की पट्टा बांधून बसावे लागेल, यांपैकी काहीही प्रवाशाच्या हातात नसते. रस्त्याने जाणारी स्त्री गाडी बाजूला थांबवू शकते. विमानातल्या स्त्रीला ते शक्य नाही, आणि दारे बंद झाल्यावर विमान जमिनीवरच दोन तास खोळंबले तर तिचे सर्वांत चोख नियोजनही निरुपयोगी ठरते.

माझा मूळ मुद्दा नेमका हा आहे, आणि तो दयेवर आधारलेला नाही. ज्या यंत्रणेने प्रवाशाच्या वेळेवर आणि हालचालीवर ताबा घेतला आहे, तिच्यावर त्या काळातील शारीरिक गरजांची जबाबदारीही येते. हे तत्त्व स्तनदा मातांसाठी नव्याने शोधलेले नाही. अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या नियमानुसार विमान जमिनीवर खोळंबले तर २ तासांच्या आत प्रवाशांना खाणे आणि पिण्याचे पाणी द्यावे लागते, आणि काही अपवाद वगळता देशांतर्गत उड्डाणात ३ तासांच्या, तर आंतरराष्ट्रीय उड्डाणात ४ तासांच्या आत उतरण्याची संधी द्यावी लागते. प्रवास करणे हा त्या प्रवाशांचाही स्वतःचाच निर्णय होता, तरीही घरून पाणी का आणले नाही असे त्यांना कोणी विचारत नाही. भूक आणि तहान यांना जो न्याय लागू होतो, तोच दुधाने भरून आलेल्या स्तनांना आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला लागू व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर पूरक आहारासह २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुरू ठेवण्याची शिफारस करते. इतका काळ एखाद्या स्त्रीने विमानात बसूच नये, ही अपेक्षा तिच्या नोकरीच्या, आजारी नातलगांच्या आणि रोजच्या आयुष्याच्या संदर्भात व्यवहार्य नाही.

आपल्या प्रतिक्रियेत जिचा उल्लेख आला नाही, आणि जिच्याकडे एकूणच सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे बाळाला घरी ठेवून कामासाठी एकटीच प्रवास करणारी आई. तिच्या कडेवर बाळ नसते, त्यामुळे तिची गरज कोणाला दिसत नाही. तपासणीच्या टेबलावर तिच्या पिशवीतून पंप, दुधाच्या बाटल्या आणि गारवा टिकवणारे आइस पॅक निघतात, आणि ‘बाळ कुठे आहे?’ हा प्रश्न येतो. खरे तर बाळ सोबत नाही म्हणूनच तिला पंप लागतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये बाळ सोबत नसतानाही आईचे दूध हातसामानात नेण्याची परवानगी आहे. मात्र तपशिलात फरक आहेत : अमेरिकेत गोठवलेले दूधही हातसामानातून नेता येते, तर ब्रिटनच्या शासकीय सूचनांनुसार गोठवलेले दूध हातसामानात चालत नाही. जाताना एका नियमाने बांधलेली पिशवी परतीच्या वाटेवर दुसऱ्या नियमात अडकू शकते. काढलेले दूध साध्या तापमानाला सुमारे ४ तास आणि गोठवलेले आइस पॅक घातलेल्या उष्णतारोधक पिशवीत २४ तासांपर्यंत टिकते; त्यामुळे कोणी आइस पॅक काढून घेतले, तर पिशवीतले दूध पोहोचण्याआधीच वाया जाण्याची शक्यता असते. ज्यांनी कधी दूध काढलेले नाही, त्यांना एका बाटलीमागे किती वेळ आणि किती शीण असतो याची कल्पना येणे कठीण आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. परंतु तपासणी करणाऱ्या माणसाला ती कल्पना प्रशिक्षणातून द्यायलाच हवी.

पंपाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक आगीच्या धोक्यामुळे चेक-इन सामानात ठेवता येत नाहीत. त्या हातसामानातच न्याव्या लागतात. दुसरीकडे, एखादी कंपनी पंपाची पिशवी जास्तीचा नग म्हणून मोजते आणि ती खाली द्यायला सांगते. ती पिशवी खाली गेली की पुढचे सात-आठ तास त्या स्त्रीकडे दूध काढण्याचे साधनच उरत नाही. पंप हे वैद्यकीय उपकरण आहे आणि ते हातसामानाच्या मोजणीत धरले जाणार नाही, असे एक वाक्य कंपनीच्या नियमावलीत आले, तर कोणाचेही नुकसान न होता हा प्रश्न मिटतो.

सुरक्षेचा आपला आक्षेप मी गंभीरपणे घेते, पण त्यामागची समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमाने उडवण्याचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर हातसामानातील द्रवांवर जी बंधने आली, त्यांतून १०० मिलिलिटरची मर्यादा जगभर रूढ झाली. बाळाचे दूध आणि प्रवासात लागणारी औषधे यांना या मर्यादेतून दिलेली सूट हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. म्हणजे कोणा कनवाळू अधिकाऱ्याने नियम वाकवून ती दिलेली नाही. शिवाय सूट प्रमाणापुरती आहे. तपासणीतून सुटका कोणालाच नाही. ते दूध वेगळे काढून दाखवावे लागते आणि त्याची अधिक तपासणी होऊ शकते, याला माझी काडीचीही हरकत नाही. माझी हरकत नियम लिहिलेला असूनही तो प्रत्येक रांगेत नव्याने वाटाघाटीला येतो याला आहे. एका विमानतळावर जे चालते ते दुसऱ्यावर फेकून द्यायला सांगितले जाते, तेव्हा सुरक्षेत कणभरही भर पडत नाही आणि एका बाळाचे दिवसभराचे अन्न कचऱ्यात जाते.

विमानतळावरील स्तनपान कक्षांबद्दल आपण ‘प्रसाधनगृह असतेच की’ असे लिहिले आहे. याचे उत्तर छोटे आहे. ज्या जागी आपण स्वतः जेवायला बसणार नाही, त्या जागी बाळाने दूध प्यावे किंवा त्याच्यासाठी दूध काढले जावे, असे म्हणता येत नाही. अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने मोठ्या आणि मध्यम विमानतळांच्या प्रत्येक टर्मिनलमध्ये अशी जागा बंधनकारक केली, आणि ती कशी असावी हेही लिहिले : आतून बंद होणारे दार, बसायला जागा, टेबल किंवा सपाट पृष्ठभाग, सिंक किंवा निर्जंतुकीकरणाची सोय, विजेचा प्लग, अपंग व्यक्तींनाही सहज वापरता येईल अशी रचना, आणि मुख्य म्हणजे ती प्रसाधनगृहात नसावी. एवढ्या मोठ्या इमारतीत ही एक लहान खोली आहे. ती तपासणीच्या अलीकडे असून उपयोग नाही, कारण प्रवाशाचा बहुतेक वेळ तपासणीच्या पलीकडे जातो. आणि तिची किल्ली शोधायला वीस मिनिटे लागत असतील, तर ती असून नसल्यासारखीच.

केबिन कर्मचाऱ्यांवरील ताणाबद्दल आपण जे लिहिले आहे, ते मला मनापासून पटते, आणि त्याच कारणासाठी मला लेखी नियम हवा आहे. नियम नसतो तेव्हा तक्रार करणारा प्रवासी आणि बाळाला पाजणारी आई यांच्यामध्ये निवाडा करण्याची वेळ कर्मचाऱ्यावर येते, आणि त्याने काहीही ठरवले तरी कोणीतरी दुखावते. ‘प्रवाशाला आपल्या जागेवर स्तनपान करता येईल आणि अंग झाकायचे की नाही हे तीच ठरवेल’, असे कंपनीने एकदा लिहून ठेवले की कर्मचाऱ्याला केवळ ते सांगायचे उरते. झाकून घेणे अनेक स्त्रियांना स्वतःलाच बरे वाटते, त्यांनी ते अवश्य करावे. सक्ती मात्र नको, कारण काही बाळे कापडाखाली गुदमरल्यासारखी होऊन दूधच पीत नाहीत.

यात सर्व प्रवाशांच्या सोयीचाही एक भाग आहे. विमान खाली उतरू लागते तेव्हा केबिनमधील दाब वाढत जातो. मधल्या कानातील दाब त्याच्याशी जुळण्यासाठी घसा आणि कान यांना जोडणारी नलिका उघडावी लागते, आणि गिळताना ती उघडते. मोठ्या माणसाला गोळी चघळता येते, मुद्दाम जांभई देता येते. तान्ह्या बाळाकडे चोखणे आणि गिळणे हाच उपाय असतो. म्हणून विमान उतरताना बाळाला पाजणे हा त्याच्या कानदुखीवरचा सर्वांत सोपा इलाज आहे. मांडीवरच्या बाळाला कसे धरायचे याच्या सुरक्षा सूचना पाळून हे करता येते, आणि तेव्हाच एखाद्या आईला पाजणे थांबवायला सांगितले, तर बाळाच्या वेदनेचा आवाज साऱ्या केबिनला ऐकावा लागतो.

कंपनी खासगी आहे, तिने कोणाला काय द्यावे हे तीच ठरवेल, हे आपले विधान कायद्याच्या दृष्टीने सर्वत्र टिकणारे नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार सेवा देताना स्तनपानाच्या कारणावरून स्त्रीला वाईट वागणूक देणे हा भेदभाव ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या लिंगभेदविरोधी कायद्यातही स्तनपानाला स्वतंत्र संरक्षण आहे. आणि ज्या केबिन कर्मचाऱ्यांची आपल्याला काळजी वाटते, त्यांच्यातही बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या माता असतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षण करार स्तनपानासाठी कामाच्या वेळेत रोज एक किंवा अधिक विश्रांतीकाळ किंवा कामाच्या तासांत कपात यांचा हक्क मान्य करतो. लांब पल्ल्याच्या उड्डाणावर तो हक्क अमलात कसा आणायचा, हा प्रवाशांच्या प्रश्नापेक्षाही अवघड प्रश्न आहे, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिण्याचा माझा विचार आहे.

आता आपला शेवटचा प्रश्न : शेजारच्या प्रवाशाला संकोच वाटला, तर त्याने काय करावे? त्याचा संकोच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. त्याने कर्मचाऱ्याला हळू आवाजात विनंती करावी, दुसरी जागा रिकामी असेल तर ती त्याला मिळावी, आणि उठून जायचे ते त्याने, बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईने नव्हे. आईला खिडकीकडची जागा हवी असेल, तर ती आरक्षणाच्या वेळीच मागण्याची सोय कंपनीने द्यावी. त्याने दोघांचाही प्रश्न बराच हलका होतो. बाळाला बाटलीने पावडरचे दूध देणाऱ्या पालकांनी गरम पाणी मागितले, तर तेही याच न्यायाने मिळावे. आणि विमान भरलेले असेल, कुठेच जागा नसेल, तर दोघांनीही आपापल्या जागी बसावे आणि बाळाला पोटभर पिऊ द्यावे.