म्हाताऱ्या माणसाच्या घरात कॅमेरा नको, सेन्सर चालेल

पोरं पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला; आणि बेळगावकडच्या खानापूरच्या घरात एकटी आई. आमच्याकडे हे आता गल्लोगल्ली दिसतं. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, कॅमेरा लावून टाका. मला ते अजिबात पटत नाही. एकट्या राहणाऱ्या माझ्या काकूला विचारलं तर ती फाडकन म्हणाली, "न्हाणीतनं बाहेर आल्यावरबी तू बघूलालास काय रे?" विषय संपला.

त्यापेक्षा हालचाल टिपणारे सेन्सर बरे. भिंतीवर छोटी डबी असते. अंगाच्या उष्णतेवरून कुणी हललं एवढंच तिला कळतं. चित्र नाही, आवाज नाही. दाराला चुंबकाचा सेन्सर लावला की दार कधी उघडलं ते समजतं. जपानमध्ये झोजिरुशी कंपनीने २००१ मध्येच चहाच्या पाण्याची किटली यासाठी वापरली. म्हातारीने पाणी घेतलं की लेकाला निरोप. आपल्याकडे चहा गॅसवर, त्यामुळे डबी स्वयंपाकघरात आणि परसदाराकडे लावायची. रोज सहाला उठणारी बाई आठपर्यंत हललीच नाही, तर फोन वाजतो. रात्रीच्या लघवीच्या फेऱ्या वाढल्या तरी लक्षात येतं. तेव्हा साखर नाहीतर लघवीची तपासणी करून घ्यावी.

पण विकणारे सांगत नाहीत ते ऐका. बाई पडली हे या डबीला कळत नाही. पडून निपचित राहिली काय, माहेरी गेली काय, डबीला दोन्ही सारखंच. मांजर फिरलं तरी काही डब्यांना वाटतं काकू उठली. आणि आमचा पाऊस! जांबोटी-कणकुंबीकडे आषाढात लाईट गेली की वायफायही जातं. म्हणून बॅटरी आणि सिमकार्डवर चालणारंच घ्या, आणि 'हालचाल नाही' व 'यंत्र बंद' हे निरोप वेगवेगळे येतात का, ते आधी तपासा.

खरा प्रश्न निरोप कुणाला जातो हा आहे. पुण्याच्या लेकाला कळून तो पोचणार सहा तासांनी. पहिला फोन जायला हवा किल्ली असलेल्या शेजारणीला. आमच्या शेजारच्या अक्का कानडी आहेत, त्यांना इंग्रजी मेसेज पाठवून काय होणार? सरळ फोनच वाजला पाहिजे. १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन सल्ल्याला ठीक. जीवावर बेतलं तर ११२.

काकू अखेर तयार झाली, पण दोन अटींवर. बंद करायचं बटण तिच्या हाताशी असणार, आणि ती कधी उठली ते सुनेला कळणार नाही. मला दोन्ही मंजूर.