बिगिन मारा आणि जेवायला जा

आधी डेटाबेसमध्ये बिगिन टाइप करा, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) सुरू होईल. मग ऑर्डर्सच्या टेबलावर एक बारीकसा अपडेट चालवा. एकच ओळ बदलली तरी पुरे. आता थांबा. कमिट (बदल पक्का करणं) नको, रोलबॅकही (बदल रद्द करणं) नको. लॅपटॉप उघडा ठेवून सरळ जेवायला जा.

या अवस्थेला पोस्टग्रेस हा डेटाबेस 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणतो, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं टाकून रिकामं बसणं. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखा तुमचा लॉक (इतरांना बदल करू न देणारं कुलूप) त्या ओळीवर पडून राहतो. ती ओळ बदलायला येणारा प्रत्येक जण ताटकळणार. बाकीच्यांचं काम मजेत चाललंय म्हणून खट्टू होऊ नका. नवा कॉलम जोडायला कुणीतरी ऑल्टर टेबल चालवेलच. त्याला अख्खं टेबल हवं, म्हणून तो तुमच्यामागे थांबेल आणि त्याच्यामागे नुसतं वाचणारे साधे सिलेक्टसुद्धा. साइट झोपली की शिव्या त्या ऑल्टरवाल्याला!

टाइमआउटच्या, म्हणजे ठरावीक वेळेनंतर काम तोडणाऱ्या सेटिंगच्या, भानगडीत मात्र पडू नका. नेमका तुम्हालाच हुडकणारा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट' २०१६ साली ९.६ आवृत्तीत आला, पण तो डिफॉल्ट शून्य, म्हणजे बंद. तसाच राहू द्या. कुणी 'पाच मिनिटं लावू या' म्हणालं, तर 'प्रॉडक्शन आहे, हात लावायचा नाही' असं गंभीर चेहऱ्यानं सांगा.

फारच आग्रह झाला तर स्टेटमेंट टाइमआउट लावून द्या. तो फक्त चालू क्वेरीची (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेची) वेळ मोजतो आणि तुमची तर केव्हाच संपलीय. लॉकसाठी रांगेत उभे असलेले तेवढे मरतील. किंवा १४व्या आवृत्तीतला 'आयडल सेशन टाइमआउट' लावा. नाव अगदी पटण्यासारखं. पण तो उघडं ट्रान्झॅक्शन असलेल्या सेशनला (जोडणीला) शिवतच नाही, कुणाचं काही अडवून न बसलेल्यांनाच हाकलतो. मीटिंगमध्ये टाळ्या मिळतील.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवाल्यांना तर एवढेही कष्ट नाहीत. तिथं रिकाम्या बसलेल्या कनेक्शनला डिफॉल्ट ८ तास मुभा, म्हणजे पूर्ण शिफ्ट. इनोडीबीत (त्याच्या डेटा साठवणाऱ्या इंजिनात) ओळीच्या लॉकसाठी थांबलेल्याला मात्र ५० सेकंदांत एरर.

डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) अखेर सुगावा लागलाच, तर तो तुमचं सेशन मारेल आणि अपडेट रोलबॅक होईल. लगेच तिकीट टाका: 'कनेक्शन आपोआप तुटतंय, नेटवर्क टीमनं पाहावं.' प्रायॉरिटी अर्जंट.